ऐन सिद्रचा उलटा लिलाव

ऐन सिद्र, ४ जून

प्रिय हिलाल,

सलाम. हे पत्र खमीसच्या पिकअपमधून येतंय, खजुराच्या टोपल्यांबरोबर. वरची टोपली तुझी आहे, शेजाऱ्यांना वाटून मोकळा होऊ नकोस.

इंटरनेट धड चालत असतं तर मी कागद हातात घेतलाच नसता. फोन करता आला असता, पण फोनवर तू "हो ताई, बघतो ताई" म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागद वाचावा लागतो.

तुझी भाची रय्या नऊ वर्षांची झाली. तिच्या कानांवर जन्मापासून एकही आवाज पडलेला नाही, हे तुला मी नव्यानं सांगायला नको. रोज दुपारी उशिरा, अस्रच्या नमाजानंतर बद्रियाबाई तिकडे मस्कतमध्ये पडद्यासमोर बसतात आणि तिला हातांची भाषा शिकवतात. म्हणजे शिकवायला बघतात. तुमच्या हुदहुद कंपनीच्या कृपेनं पाच मिनिटांत चित्र थिजतं. तुझं माझं चित्र थांबलं तर आवाज येत राहतो, निभावून जातं. रय्याचं चित्र थांबलं की बाईच मुकी होते. मग ही पोर दोन मुठी एकमेकींवर आपटते. "अडकलं" म्हणायची तिची खूण आहे ती. हल्ली गल्लीतून जाता-येता सगळ्यांना तीच खूण करून दाखवते, अख्ख्या गावाला पाठ झाली आहे.

महिनाभर बाई तिला एका बकरीची गोष्ट सांगताहेत. बकरी खजूर वाळत घातलेल्या छपरावर चढायला निघते आणि तिथेच अडकते. बकरी नव्हे रे, इंटरनेट! रोज रय्या मला विचारते, पुढे काय झालं? मला काय माहीत पुढे काय झालं?

तीन वेळा लेखी तक्रार केली. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं: "आपल्या घरातील अंतर्गत वायरिंग तपासून घ्यावी, ही नम्र विनंती." कोण शहाणा हे लिहितो देव जाणे. त्याच्या नम्र विनंतीपायी आम्ही स्वयंपाकघराची भिंत फोडून नवी वायर टाकली. बाबा या वयात शिडीवर चढले. फरक शून्य. वर काल पत्र आलं की पंचवीस रियालचं पॅकेज एक ऑगस्टपासून बत्तीसला होणार. चोर तो चोर, वर शिरजोर!

तू तिथे नियोजन विभागात साहेब आहेस. काहीतरी कर. मस्कतच्या मूकबधिर शाळेच्या वसतिगृहाचा विषय तू मागे काढला होतास, तो मी ऐकला नाही असं समज. नऊ वर्षांची पोर, आवाज न काढता रडते. परक्या खोलीत तिच्याकडे बघणार कोण?

तुझी,
झुवैना


मस्कत, ११ जून

प्रिय ताई,

खजूर पोचले. वाटले नाहीत, एकट्यानं संपवले, पोट बिघडलं.

मी ओळखीतून चौकशी केली. रागावू नकोस, पण आमच्या रजिस्टरमध्ये ऐन सिद्रच्या नावापुढे हिरवी खूण आहे. समाधानी गाव! मे महिन्यात आमच्या कंपनीतल्या मुलींनी दोनशे चौदा घरांना फोन केले आणि दोनशे चौदाही घरांनी "सगळं उत्तम, काही तक्रार नाही" असं सांगितलं. पहिलं नाव बाबांचं. तुझ्या तीन तक्रारींना उत्तरं गेली, म्हणून त्या निकाली निघाल्या. आता मी वरच्यांना काय तोंडानं सांगू की माझ्या गावात इंटरनेट चालत नाही?

म्हणून एक सुचवतो, नीट विचार कर. वसतिगृहाचा अर्ज सोबत जोडला आहे. मी भरला आहे, फक्त तुझी सही हवी. शेवटची तारीख ३१ ऑगस्ट. शाळेत सगळी मुलं हातांनीच बोलतात, रय्या एकटी पडणार नाही. दर गुरुवारी मी तिला घरी घेऊन येईन. तिकडे त्या डोंगरदरीतल्या वादीत बसून किती दिवस पडद्याशी झगडणार आहेस?

तुझा,
हिलाल


ऐन सिद्र, १९ जून

हिलाल,

अर्ज मिळाला. पिठाच्या डब्याखाली ठेवला आहे. मस्कतमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. म्हटलं, "बाबा, तुम्ही कंपनीला सांगितलंत की सगळं उत्तम आहे?"

बाबा म्हणाले, "अगं, त्या पोरीनं विचारलं, 'खबर काय?' खबर विचारल्यावर माणूस काय सांगतो? माझा बाप गेला त्या दिवशी दारात पाहुणा आला. त्यालाही मी आधी म्हटलं, खबर ठीक, सगळं उत्तम. खजूर दिला, कहवा दिला आणि मग सांगितलं की बाप गेला. ही पोर पहिल्या उत्तरावरच 'धन्यवाद' म्हणून फोन ठेवून मोकळी! कहवा होईपर्यंत तरी थांबायचं की नाही?"

मी गल्लीत विचारत फिरले. सगळ्यांचं तेच. उम्म तलालचा तर त्या दिवशी राउटर जळून धूर येत होता, तरी ती "सगळं उत्तम" म्हणाली. दोनशे चौदा घरांच्या चांगल्या चालीरीतींवर तुमची हिरवी खूण उभी आहे रे!

आता पुढचं ऐक. बाबांनी हे मनाला लावून घेतलं. चाळीस वर्षं गावच्या फलजचे पाटकरी आहेत. पाटातलं पाणी कुणाच्या शेतात किती वेळ जायचं, ते काठीच्या सावलीवर ठरवतात आणि त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. त्यांच्या डोक्यानं घेतलं की इंटरनेटही पाटासारखंच येत असणार आणि तोंडाशी बसलेले लोक ते पिऊन टाकत असणार. काठी घेऊन सरळ उम्म तलालच्या दारात गेले, कारण कंपनीचा करडा डबा तिच्या भिंतीला आहे. म्हणाले, "वरच्या वर पाणी तोडतेस, लाज नाही वाटत?" ती म्हणाली, "आरीफसाहेब, मी काय इंटरनेट बादलीत भरून ठेवते?" मी शरमेनं अर्धी झाले.

पण बाबा ऐकतात होय! त्यांनी पाण्यासारखी पाळी लावली. गावच्या सात गल्ल्या, प्रत्येक गल्लीला एक अथर, म्हणजे अर्धा तास. एका गल्लीची पाळी चालू असली की बाकी सहा गल्ल्यांनी राउटर बंद करायचे. लोक हसले, पण पाटकऱ्यानं लावलेली पाळी मोडायची कुणाची छाती नाही. अस्रनंतर आमच्या गल्लीची पाळी आली, बाकीचं गाव बंद झालं, आणि हिलाल, तुला सांगते, बद्रियाबाईंच्या बांगडीवरचं नक्षीकाम दिसलं! त्यांची बोटं अशी फिरत होती की मला रडू आलं. बकरी छपरावर चढली. काठाशी आली. खाली वाकून बघितलं...

आणि पाळी संपली.

मी म्हटलं, बाबा, पाचच मिनिटं. नातीसाठी. ते म्हणाले, "नातीसाठी आज पाळी वाढवली, तर उद्या पाण्याच्या वेळी माझं कोण ऐकेल?" रय्या त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. म्हणजे हात मागे बांधून बसली.

पण एक गोष्ट मला कळली. गाव बंद केलं की चित्र चालतं. मग दोष माझ्या वायरिंगमध्ये कसा? सांग ना साहेब.

झुवैना


मस्कत, २७ जून

ताई,

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितो आहे.

मागच्या सोमवारी ऑफिसात धावपळ उडाली. ऐन सिद्रची लाइन दर अर्ध्या तासाला पडते आणि पुन्हा उठते, असं पडद्यावर दिसायला लागलं. इंजिनिअर म्हणाले, केबल तुटली. मोठे साहेब म्हणाले, कुणीतरी मुद्दाम करतंय. दोन गाड्या काढल्या. मी त्या पडद्याकडे बघितलं आणि भर सभेत मला हसू फुटलं. बरोबर अर्धा तास, बरोबर सात पाळ्या. जगात असं दुसरं गाव नाही. म्हटलं, साहेब, हा बिघाड नाही, हा माझा बाप आहे.

बाबांचं बरोबर आहे, ताई. ते पाटाचंच पाणी आहे. ऐन सिद्रपर्यंत आमची जी लाइन येते ती चाळीस घरांपुरती आहे. आम्ही ती दोनशे चौदा घरांना विकली. एकच पाळी पाच-पाच जणांना विकावी तशी. कंपनीत सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं.

आणि आता खरं सांगतो, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मी नियोजन विभागात नाही. कधीच नव्हतो. मी तक्रार विभागात आहे. "अंतर्गत वायरिंग तपासून घ्यावी, ही नम्र विनंती" हे वाक्य माझं आहे. दिवसाला साठ वेळा पाठवतो. तुझ्या तिन्ही तक्रारींवर तुझं नाव वाचूनच ते पाठवलं. वाटलं, दुसरं काही लिहिलं तर नोकरी जाईल. बाबा शिडीवर चढले हे वाचल्यापासून अन्न गोड लागत नाही.

लाइन चाळीस घरांचीच आहे हे दाखवणारा कंपनीतला आतला कागद मी तुला देऊ शकत नाही. माफ कर म्हणायलाही तोंड नाही.

हिलाल


ऐन सिद्र, ३ जुलै

हिलाल,

तुझं पत्र वाचलं आणि चुलीत टाकणार होते. बाबांनी हातातून घेतलं. सबंध वाचलं. मला वाटलं आता तुझ्या नावानं खडे फोडतील. ते एवढंच म्हणाले, "पोरगं कबूल तर झालं. पण उशिरा."

मी मात्र तुला माफ केलेलं नाही. फोडलेली भिंत अजून तशीच आहे. भाजी ढवळताना रोज दिसते.

तुझा आतला कागद तुझ्यापाशीच ठेव. आम्हाला नको. आमच्याजवळ बाबांच्या पाळीची वही आहे, सात गल्ल्यांच्या सह्यांसकट. आणि ऐक, दर गुरुवारी फलजच्या पाण्याचा लिलाव होतो तसा आम्ही आता लिलाव करणार आहोत. उलटा. पाण्याला गिऱ्हाईक भाव चढवत जातं. इथे गिऱ्हाईक आम्ही, तेव्हा कंपन्यांनी भाव उतरवत जायचं. एकेक घर नाही, सगळं गाव एका ढिगात. खालच्या वादीतल्या दोन गावांना कळलं, तीही आली. आता पाचशे तीस घरं झाली.

खमीसच्या पिकअपमधून एक गोणी येईल. खजूर नाहीत त्यात. एक सप्टेंबरपासून कनेक्शन बंद करण्याच्या पाचशे तीस नोटिसा आहेत, प्रत्येकीवर घरधन्याची सही. प्रत्येक नोटिशीच्या शेवटी मी एक वाक्य घातलं आहे: "आपल्या कंपनीने अंतर्गत वायरिंग तपासून घ्यावी, ही नम्र विनंती." उत्तर तुलाच लिहावं लागेल, नाही का?

लिलाव १८ जुलैला, अस्रनंतर. तुमच्या स्पर्धक सदफ कंपनीला बोलावणं गेलंय. तुमच्या साहेबांनाही कळवलं आहे.

झुवैना


मस्कत, १० जुलै

ताई,

गोणी पोचली. साहेब आधी खो-खो हसले. "खेडूत लोक, दोन दिवसांत शरण येतील," म्हणाले. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की सदफच्या माणसानं येतो म्हणून कळवलंय, तेव्हा हसू गेलं. आता हुकूम सुटला आहे की हुदहुदच्या वतीनं मी यायचं, कारण गाव माझं आणि पाटकरी माझा बाप. बावीसच्या खाली उतरायचं नाही, त्याखाली साहेब स्वतः पडद्यावरून बोलतील.

मी बाबांच्या समोरच्या सतरंजीवर बसणार. देवा, त्यापेक्षा मला विहिरीत ढकल.

हिलाल


मस्कत, २० जुलै

ताई,

तू बायकांच्या बाजूला आंब्याखाली होतीस, म्हणून लिहितो. तुम्हाला ओरडा तेवढा ऐकू आला असेल. आणि मी न भेटता गाडीत बसलो म्हणून तू शिव्या घातल्या असशील. भेटायला डोळे कोरडे लागतात.

बाबा काठी रोवून बसले होते. काठीची सावली पांढऱ्या दगडाला टेकली की शेवटचा भाव पक्का, असा पाण्याचाच नियम. मी जाऊन त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी मला ओळख दिली नाही. परक्या पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "खबर काय?"

पाचशे माणसं बघत होती. मला माहीत होतं काय म्हणायचं असतं. पाळण्यापासून तेच म्हणत आलो आहे. जीभ उचलली तर निघालं, "खबर वाईट आहे, आरीफसाहेब. चाळीस घरांचं पाणी आम्ही दोनशे चौदा घरांना विकलं. दोष तुमच्या भिंतीत कधीच नव्हता. वायरिंगचं उत्तर मी लिहीत होतो."

कहवा ओतणाऱ्याचा हात हवेत थांबला. आपल्या गावात पहिल्या प्रश्नाला असं उत्तर कुणी दिलेलं नाही. मला वाटलं, आता बाबा उठून जातील. त्यांनी स्वतःच्या हातानं पेला भरला आणि माझ्यापुढे केला. "घे," म्हणाले. "आता बोलणी सुरू करू." ताई, तो कहवा कडू होता की खारट, मला सांगता येत नाही.

मग सुरुवात झाली. मी अठ्ठावीस म्हटलं, सदफचा माणूस सव्वीस. मी चोवीस, तो तेवीस. मी बावीस म्हटलं आणि माझी दोरी संपली. टॅब्लेट कहव्याच्या किटलीला टेकवून ठेवला आणि साहेबांना जोडून दिलं. साहेब फेटा नीट करून बसलेले. सदफनं वीस म्हटलं, साहेबांनी एकोणीस. पुढचा भाव सांगायला सदफचा माणूस कपाळ पुसत राहिला, मग म्हणाला, "सतरा. नवीन लाइन, पाचशे तीस घरांना पुरेल एवढी." सावली दगडापासून चार बोटांवर आली होती. साहेब पुढे झुकले, म्हणाले, "आम्ही देतो..."

आणि थिजले. आमच्याच कंपनीच्या लाइनवर! तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, बोट वर. मी टॅब्लेट हलवला, फुंकला, उचलून उम्म तलालच्या भिंतीकडे धरला. काही नाही.

तेवढ्यात रय्या तुमच्याकडून धावत आली. तिनं त्या तोंडाकडे बघितलं, आजोबांकडे वळली आणि दोन मुठी एकमेकींवर आपटल्या. अडकलं.

बाबांनी काठी मांडीवर ठेवली आणि तीच खूण केली. मग उम्म तलालच्या नवऱ्यानं. मग सगळ्यांनी. पाचशे माणसं मुठीवर मूठ आपटत होती आणि कुणाच्या तोंडून शब्द नव्हता. सावली दगडाला टेकली तेव्हा तो ओरडा उठला. तो तू ऐकलासच.

आज सकाळी साहेबांनी सगळ्या वादीतले दर उतरवले. न मागता! शेजारच्या दोन वाद्यांमधून बाबांना निरोप आलेत म्हणे, आमच्याकडेही काठी घेऊन या. गाव करी ते राव न करी, हे आज मी रावाच्या ऑफिसात बसून बघितलं.

मला अजून काढलेलं नाही. मात्र ते वाक्य मी पुन्हा पाठवणार नाही, हे लेखी कळवून टाकलं आहे. बघू.

वसतिगृहाच्या अर्जाची तारीख मात्र तीच आहे. सदफची लाइन वेळेत आली नाही तर?

हिलाल


ऐन सिद्र, २९ ऑगस्ट

प्रिय हिलाल,

बघ, "प्रिय" लिहिलं. फुगून जाऊ नकोस.

सदफचे लोक पंचवीसला आले, दोन दिवस खणलं. पैसे देण्याआधी बाबांनी अट घातली होती, ती काल पुरी करून घेतली. अस्रनंतर सगळ्यांनी सगळं लावायचं. टीव्ही, फोन, पोरांचे खेळ, जे घरात असेल ते. तिन्ही गावं एकदम. आणि पाचशे तीस घरं चालू असताना बद्रियाबाईंचे हात थांबता कामा नयेत.

आमचं घर माणसांनी भरलं होतं. सदफचा माणूस दारात उभा राहून नखं खात होता. बाबा पडद्यासमोर रय्याच्या शेजारी बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दोन बोटं कपाळाला लावून शिंगं केली आणि मान हलवली. बकरी? मग? कधी शिकले, कुणाकडून शिकले, मला पत्ता नाही. रय्यानं त्यांच्याकडे असं बघितलं की मी पदराआड तोंड लपवलं.

बाई सांगायला लागल्या. बकरी छपरावर चढली. काठाशी आली. खाली वाकून बघितलं. बाईंचे हात चालतच राहिले, राहिले, राहिले. हिलाल, एकदाही थांबले नाहीत!

पुढे काय झालं म्हणशील, तर बकरीनं उडी मारली आणि ती घरी गेली. एवढंच. संपली गोष्ट.

रय्यानं हात उचलले आणि बाईंना असं खडसावलं की सदफचा माणूससुद्धा घाबरला. मी त्याला अर्थ सांगितला. ती म्हणत होती, चार महिने मी यासाठी थांबले? दुसरी सांगा. चांगली सांगा.

बाईंनी सांगितली. तासभर चालली. पाळी संपायचा प्रश्नच नव्हता.

बाबा विचारतात, तू येणार कधी? भिंतीला गिलावा करायचा आहे, आणि ते म्हणाले की ते काम तुझंच. शिडी तयार आहे.

वसतिगृहाचा अर्ज परत पाठवते आहे. मागची बाजू कोरी होती, म्हणून पत्र त्यावरच लिहिलं.

तुझी ताई,
झुवैना